घड्याळ टिकतं म्हणजे नेमकं कोण टिकतं?

आजच्या बहुतेक स्विस मेकॅनिकल घड्याळांतलं बॅलन्स व्हील सेकंदाला आठ ठोके देतं. तासाला २८,८००, दिवसाला ६,९१,२००. वर्षाचा हिशोब केला तर आकडा २५ कोटींच्या पुढे जातो. बॅटरी नाही, चिप नाही. गुंडाळलेली एक स्प्रिंग, चार-पाच चाकं आणि केसापेक्षा बारीक असलेली दुसरी स्प्रिंग, बास. आमच्या टीममध्ये एखादी सर्व्हिस रीस्टार्ट न करता सलग सहा महिने चालली तर आम्ही त्याचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतो. त्यामुळे ‘हे घड्याळ पिढ्यान् पिढ्या टिकतं’ असं कुणी म्हणालं की सॉफ्टवेअरवाल्या माणसाच्या पोटात कौतुक आणि संशय एकदमच उठतात.

हे वाक्य सगळ्यात यशस्वीपणे विकलं ते पाटेक फिलिप या जिनेव्हातल्या कंपनीने. १९९६पासून त्यांच्या जाहिरातींचा सूर एकच आहे. घड्याळ तुमच्या मालकीचं नसतं, पुढच्या पिढीसाठी तुम्ही ते फक्त सांभाळता. फोटोत बाप आणि मुलगा, किंवा आई आणि मुलगी. जाहिरात म्हणून ती उत्तमच आहे, कारण चैनीच्या वस्तूला ती कर्तव्याचा रंग देते. आपण लाखो रुपये स्वतःवर उधळत नाही आहोत, वारसा ठेवतो आहोत, असं मनाला समजावता येतं.

मीही सध्या मनाला हेच समजावण्याच्या बेतात आहे. वय अठ्ठावीस, नाशिकला घरून काम, गंगापूर रोडला भाड्याचा फ्लॅट, एका एफडीत थोडेफार पैसे. ऑफिसच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कुणीतरी प्रमोशनचं स्विस घड्याळ मनगटासकट दाखवतो. त्यात स्वित्झर्लंड आणि शेजारच्या देशांबरोबरचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५पासून लागू झालाय, स्विस घड्याळांवरची आयात जकात टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. मोह दरवर्षी थोडा स्वस्त होणार. म्हणून ‘परवडेल का’ हा प्रश्न बाजूला ठेवून मी दुसऱ्याच प्रश्नाशी झटतोय. टिकाऊपणा विकत घेता येतो का?

आधी घड्याळ मरतं कसं ते बघू.

लोखंड झिजून मरतं असं आपल्याला वाटतं, पण बहुतेकदा सुरुवात तेलापासून होते. घड्याळातल्या प्रत्येक चाकाच्या अक्षाचं टोक माणकाच्या एका छोट्या खड्ड्यात फिरतं. माणिक कृत्रिम असतं. १९०२ साली वेर्न्योय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते प्रयोगशाळेत करायची पद्धत जाहीर केली, म्हणूनच आज ‘१७ ज्युएल’वाल्या घड्याळात दागिन्याची किंमत नसते. त्या खड्ड्यात तेलाचा एक थेंब असतो. थेंब म्हणणंसुद्धा जास्त झालं, सुईच्या टोकावर मावेल त्याहून कमी. काही वर्षांत तो पसरतो, घट्ट होतो किंवा वाळतो. मग धातू माणकावर कोरडा घासतो, त्याचा बारीक भुगा उरल्यासुरल्या तेलात मिसळतो आणि वंगणाचं काम करणारी गोष्ट पॉलिश पेपरचं काम करू लागते. अक्षाचं टोक खायला लागतं.

भीतीची गोष्ट ही की या काळात घड्याळ चालूच असतं. दिवसाला वीस-पंचवीस सेकंद मागे पडेल, आपण ते फोन बघून सरळ करू. सर्व्हर अप आहे, डॅशबोर्ड हिरवा आहे आणि आत डिस्क भरत चालली आहे, असा प्रकार. चालणं आणि बरं असणं यांतला फरक बाहेरून दिसत नाही.

म्हणून सर्व्हिसिंग. मशीन पूर्ण उघडायचं, शंभर-सव्वाशे भाग सुटे करायचे, धुवायचे, झिजलेले बदलायचे, पुन्हा जोडायचे, चार-पाच जागी चार-पाच प्रकारची तेलं द्यायची आणि मग काही दिवस वेगवेगळ्या स्थितींत ठेवून वेळ तपासायची. हे किती वर्षांनी? पूर्वी पाचच्या आसपास म्हणत, रोलेक्स आज साधारण दहा वर्षं सांगते. तेल कमी लागावं म्हणून अफाट डोकं लढवलं गेलंय. जॉर्ज डॅनियल्स या इंग्रज कारागिराने आयुष्याची कितीतरी वर्षं घालवून घासणं कमी करणारी को-अ‍ॅक्सियल रचना शोधली, ओमेगाने ती १९९९मध्ये बाजारात आणली. सिलिकॉनचे भाग आले, त्यांना तेल जवळजवळ लागतच नाही. तरी ‘कधीच उघडू नका’ असं अजून कुठलीही कंपनी म्हणत नाही.

म्हणजे ‘पिढ्यान् पिढ्या टिकतं’ या वाक्यात एक अट दडलेली आहे. दर काही वर्षांनी एक शिकलेला माणूस आयग्लास लावून त्यावर तासन् तास बसेल, ही ती अट. पन्नास वर्षांत पाच ते दहा वेळा. वरच्या दर्जाच्या घड्याळात आतल्या पट्ट्यांच्या कडाही हाताने घासून चमकवलेल्या असतात. मागचं झाकण बंद असेल तर मालकाला त्या आयुष्यभर दिसत नाहीत. त्या दिसतात फक्त दुरुस्त करणाऱ्याला. मला हे फार आवडतं. एका कारागिराने दुसऱ्या, अजून न जन्मलेल्या कारागिरासाठी लिहिलेली कॉमेंटच म्हणा ना.

पण तो दुसरा कारागीर कोण असणार, हे आता कंपनी ठरवते. स्वॉच ग्रुपने २०१५च्या अखेरीस घाऊक विक्रेत्यांना सुटे भाग देणं थांबवलं, ब्रिटनमधला कझिन्स नावाचा विक्रेता त्यावरून कोर्टात गेला. रोलेक्सचे भागही कंपनीच्या मान्यतेबाहेर मिळत नाहीत. कंपन्यांचं म्हणणं असं, की अर्धवट शिकलेल्या हातांनी आमचं काम बिघडू नये. त्यात तथ्य नाही असं नाही. पण परिणाम काय? घड्याळ तुमचं, चावी तुमच्या हातात, आणि दर आठ-दहा वर्षांनी ते कंपनीच्याच दारात न्यायचं. भारतात महागड्या स्विस घड्याळाची सर्व्हिसिंग पन्नास हजारांच्या पुढे सहज जाते. आमच्या धंद्यात याला सबस्क्रिप्शन म्हणतात. फक्त बिलिंग सायकल दहा वर्षांची आहे. आपल्याकडे ग्राहक मंत्रालयाने डिसेंबर २०२२मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही क्षेत्रं घेतली. मनगटी घड्याळाचा विचार तिथेही कुणी केलेला दिसत नाही.

तरी माझ्या धंद्यापेक्षा हे बरंच म्हणायचं. अ‍ॅपलने २०१५मध्ये १८ कॅरेट सोन्यात स्मार्टवॉच काढलं होतं, किंमत १०,००० डॉलरपासून १७,०००पर्यंत. २०१८ला वॉचओएस ५ आलं आणि ते त्या पहिल्या पिढीवर चालत नव्हतं. सोन्याला काहीच झालेलं नव्हतं.

आता उलटं उदाहरण. बाबांचं एचएमटी पायलट. काळी डायल, हाताने चावी द्यायची, १७ ज्युएल, सेकंदाला पाच ठोके. ते ओझरला एचएएलमध्ये होते, १९८६ साली घेतलेलं. सिटीझनच्या सहकार्याने एचएमटीने १९६१ला बंगळूरमध्ये घड्याळं बनवायला घेतली आणि जानेवारी २०१६मध्ये केंद्र सरकारने घड्याळाची कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. आमच्या भाषेत ‘एंड ऑफ लाइफ’.  आणि बाबांचं घड्याळ चालू आहे. ३९ वर्षं रोज चावी दिली असं धरलं तर ६०० कोटींच्या वर ठोके झाले. मागचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक खुणा दिसतात. घड्याळजी सर्व्हिसिंग केल्यावर आपली खूण आणि तारीख अशी कोरून ठेवतात, पुढच्याला कळावं म्हणून. बाबांच्या झाकणात पाच खुणा आहेत आणि शेवटच्या चार एकाच हाताच्या आहेत.

ते काका जुन्या नाशकात एका दुकानाच्या पायरीलगत, काचेच्या पेटीमागे बसतात. पेटी म्हणजे जेमतेम अडीच फूट. खालच्या कप्प्यात हॉर्लिक्सच्या दोन बरण्या, त्यात मेलेल्या एचएमटींची मशीनं. कंपनी बंद झाल्यावरचा सुट्या भागांचा पुरवठा म्हणजे त्या बरण्या. एका घड्याळाचं चाक दुसऱ्यात, तिसऱ्याचा स्क्रू पहिल्यात. सगळी मशीनं सारखी, कुणी कुलूप लावलेलं नाही, म्हणून हे जमतं. ओपन सोर्स असं मी म्हणालो तर ते म्हणाले, “अरे, भंगार म्हण की सरळ.”

गेल्या दोन वर्षांत त्यांनी हेअरस्प्रिंगचं काम घेणं सोडलंय. उजव्या हाताला कंप आहे. गुंतलेली हेअरस्प्रिंग सोडवायची असेल तर ते घड्याळ मुंबईला पाठवतात. “मशीनला काय होतंय? मशीन आहे तसंच आहे,” असं म्हणतात आणि विषय बदलतात.

नाशिकच्या माणसाला ही गोष्ट घड्याळाच्या आधी भांड्यांनी शिकवायला हवी होती. आमचं गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांचं. तांबट आळीतली ठोक ठोक आजीच्या पिढीने झोपेतही ऐकलेली. पितळेचं पातेलं मरत नाही. पण त्याला आतून कल्हई लागते, नाहीतर आंबट पदार्थ कळकतात. भाता, कथील, नवसागर घेऊन कल्हईवाला दारात यायचा आणि अर्ध्या तासात पातेलं आतून चांदीसारखं करून द्यायचा. मग स्टील आलं आणि कल्हईवाला येईनासा झाला. यातलं आधी काय झालं हे आजीलाही नीट सांगता येत नाही. पातेली मात्र एकही फुटली नाहीत. आमची माळ्यावर आहेत. काही घरांत ती दिवाणखान्यात कोपऱ्यात उभी असतात, आत सुकलेली फुलं. वस्तू शाबूत, आणि तिचं काम संपलेलं. पितळ टिकलं, पातेलं टिकलं नाही असं म्हणावं लागेल.

घड्याळाच्या बाबतीत मात्र एक गुंता जास्तीचा आहे, तो अस्सलपणाचा. भाग बदलत गेले तर घड्याळ तेच राहतं का? थीसियसच्या जहाजाचं कोडं कॉलेजात सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या रीलमध्ये ऐकलेलं असतं. फळ्या एकेक करून बदलल्या, आता जहाज तेच की दुसरं. मला त्यासाठी ग्रीसला जायची गरज वाटत नाही. आपल्या देवघरात चांदीचे टाक असतात. रोजच्या स्नानाने, पुसण्याने खंडोबाचं नाक-डोळे पुसट होतात, एक दिवस नुसता गुळगुळीत पत्रा उरतो. मग सोनाराकडे जाऊन नवे टाक करून आणायचे. आमच्याकडे जुनी चांदी नव्यात घालतात. ‘हा ओरिजिनल खंडोबा नव्हे’ असं घरात कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. पूजा चालू आहे ना, मग तो तोच.

संग्राहकांच्या जगात नेमकं उलट चालतं. तिथे डायल बदलली, केस पॉलिश केली, की किंमत पडते. डाग पडलेली, पिवळी झालेली मूळ डायल लाखमोलाची. गंमत म्हणजे कंपनीकडे नियमाने सर्व्हिसिंगला दिलेल्या जुन्या घड्याळावर संग्राहक नाक मुरडतात, कारण कंपनीने सवयीने काटे-डायल नवे बसवलेले असू शकतात. नीट काळजी घेतल्याची शिक्षा! आणि याच जगात आपल्या मुंबईच्या नावाने एक शिवी आहे, ‘मुंबई स्पेशल’. जुन्या स्विस घड्याळाची डायल भडक रंगात नव्याने रंगवायची, तीन घड्याळांचे भाग एकात बसवायचे आणि ऑनलाइन विकायचं. परदेशी संग्राहक असं घड्याळ दुरूनच ओळखतात आणि टाळतात.

मला या शिवीचा थोडा राग येतो. मुंबईच्या कुठल्यातरी गल्लीतल्या माणसाने साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं मशीन पुन्हा चालतं केलं, हे काम हॉर्लिक्सच्या बरणीतल्या कामापेक्षा वेगळं नाही आणि जिनेव्हातल्या नव्या डायलपेक्षाही मुळात वेगळं नाही. फरक पडतो तो सांगण्यात. कंपनी काय बदललं त्याचा कागद देते. मुंबई स्पेशल विकणारा पुष्कळदा ‘मूळ स्थितीत’ म्हणून विकतो. रंग लावणं ही दुरुस्ती, रंग लावून गप्प बसणं ही फसवणूक. मधली रेघ एवढी स्पष्ट असताना आपण भांडतो मात्र रंगावर.

बाबांना हा अस्सलपणाचा घोळ मुळीच कळत नाही. ते ज्या कारखान्यात होते तिथे ‘ओव्हरहॉल’ हा रोजचा शब्द. मिग-२१ ठरावीक तास उडालं की ओझरला यायचं, सुटं व्हायचं, भाग तपासले-बदलले जायचे, प्रत्येक महत्त्वाच्या भागाच्या कार्डावर त्याचे तास लिहिलेले. मूळ भाग किती उरलेत हे कुणी अभिमानाने सांगत नसे. उलट जुना भाग विनाकारण राहिला असेल तर तो गुन्हा. ते विमान हवाई दलात १९६३ला आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडला निवृत्त झालं. बासष्ट वर्षं. बाबांनी तो कार्यक्रम टीव्हीवर पाहिला, डोळे ओले होते. पण याच विमानाला ‘उडती शवपेटी’ असंही म्हणत, आणि त्याच्या अपघातांत कितीतरी तरुण वैमानिक गेले. टिकवणं हा आपोआप सद्गुण ठरत नाही. बदली विमान वेळेवर आलं नाही म्हणून जुनं टिकवत राहिलं, याला काटकसर म्हणताना जीभ अडखळायला हवी. घड्याळ बंद पडलं तर फार तर बस चुकते, एवढाच काय तो दिलासा.

इथपर्यंत आल्यावर लेखाचा शेवट सोपा होता. स्विस कंपनी वाईट, गल्लीतले काका चांगले. कुलूपबंद टिकाऊपणापेक्षा बरणीतला टिकाऊपणा खरा. मी तसं लिहायला बसलोही होतो. मग एकदा सहज विचारलं, “काका, पूर्ण सर्व्हिसिंगला वेळ किती जातो?”

“तीन तास धर. बिघाड नसला तर.”

“आणि घेता किती?”

“सहाशे. त्यातही लोक पन्नास कमी करतात.”

तीन तासांचे साडेपाचशे रुपये, त्यातून तेल, काच, पायरीचं भाडं. हा माणूस चाळीस वर्षं हे करतोय. त्यांच्या मुलाने हे काम उचललं नाही, तो सातपूरला एका कंपनीत आहे. यात हळहळण्यासारखं काय आहे? त्याने बरोबर केलं. शहाण्या माणसाने तेच केलं असतं.

म्हणजे एचएमटीचा जो टिकाऊपणा आपण रीलमधून, जुन्या आठवणींतून मिरवतो तो अर्धा बंगळूरच्या कारखान्याने दिलेला आणि अर्धा अशा माणसांनी आपल्या कमाईतून भरलेला. आपण घड्याळ स्वस्तात टिकवलं, कारण ते टिकवणाऱ्याला आपण स्वस्तात धरलं होतं. कल्हईवाल्याचंही तेच. तो ‘नाहीसा झाला’ असं आपण म्हणतो, जणू पावसाळी ढग. त्याला परवडेनासं झालं होतं.

आणि जिनेव्हाकडे या बाजूने पाहिलं तर चित्र जरा अवघड होतं. पाटेक फिलिप १८३९पासूनचं आपलं कुठलंही घड्याळ दुरुस्त करू असं सांगते. ते खरं ठरायला माणसं लागतात, शाळा लागते, जुने भाग हाताने नव्याने घडवणारे लोक पगारावर ठेवावे लागतात. त्या भरमसाट बिलात नफा आहे, मक्तेदारी आहे, आणि कुणाचा तरी व्यवस्थित पगारही आहे. तिथला तरुण हे काम शिकायला येतो कारण त्यावर घर चालतं. कुंपण घालून का होईना, त्यांनी कारागीर टिकवला. आपण कुंपण घातलं नाही आणि पैसेही दिले नाहीत.

मग मुलासाठी घड्याळ ठेवायचं म्हणजे काय ठेवायचं? मला मूल नाही, लग्नही नाही, पण जाहिरात माझ्याशी त्याच्याबद्दलच बोलते. उद्या त्याच्या हातात ते घड्याळ येईल तेव्हा सोबत दर दहा वर्षांचं एक बिल येईल. ते भरायची ऐपत आणि इच्छा त्याला असेलच असं मी गृहीत धरतोय. आणि ते उघडू शकणारा माणूस तेव्हा असेल हेही. त्या माणसाच्या शिकण्यासाठी आज मी काही करत नाहीये. फक्त त्याच्या भरवशावर वचन देतोय. मी जो कोड लिहितो त्यातही हेच करतो खरं तर. पुढे जो सांभाळेल त्याचं काम किती वाढेल याचा विचार डेडलाइनच्या दिवशी कोण करतो.

एफडी अजून मोडलेली नाही. ती मोडेनच असंही नाही आणि नाहीच असंही नाही, घड्याळ फार सुंदर आहे.

काकांनी दिवाळीपासून दर बाराशे केलाय. मीच नाही, आणखी दोघा-तिघांनी त्यांना तसं सांगितलं होतं. परवा बसलो होतो तेव्हा एक गृहस्थ वडिलांचं एचएमटी घेऊन आले, कोरी काच, आत गंज नाही, नुसतं तेल वाळलेलं. दर ऐकला, घड्याळ परत खिशात घातलं. “एवढ्यात नवीन येतं की हो,” म्हणाले.

“येतं ना,” काका म्हणाले. “मेन रोडला बघा. नऊशेलाही मिळेल.”